लॅपटॉपच्या पोटावरचं स्टिकर

२००९ च्या जूनमधली गोष्ट. सांगलीत तेव्हा माझं कम्प्युटरचं दुकान होतं. पुढच्या बाजूला डीटीपी, मागच्या खोलीत दुरुस्ती. एक वयस्क गृहस्थ कापडी पिशवीतून वहीपेक्षा जरासा मोठा लॅपटॉप घेऊन आले. मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता, म्हणून पुण्याहून मुद्दाम आणलेला. त्या वर्षी अशा छोट्या, स्वस्त यंत्रांना 'नेटबुक' म्हणत. "अहो, यात काहीतरी वेगळंच आहे," ते म्हणाले. "क्लासच्या सरांनी सांगितलंय, हे काढा आणि विंडोज टाकून आणा."

मी यंत्र सुरू केलं. आत लिनक्स होतं. इंटरनेट चालत होतं, पत्र लिहायची सोय होती, हिशेबाचा तक्ता होता, फोटो दिसत होते. "काका, हे चांगलं आहे, फुकट आहे, व्हायरसही लागत नाही," असं मी एकदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "असेल हो, पण परीक्षेत हेच येणार आहे का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नेटबुकला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून बाहेरचा ड्राइव्ह जोडून मी फॉरमॅट मारला आणि विंडोज एक्सपी टाकून दिलं. तीनशे रुपये घेतले. सीडी कुठली होती, हे वाचकांनी विचारू नये. तशी एक सीडी तेव्हा गावातल्या प्रत्येक दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असायची.

काम झाल्यावर सवयीने यंत्र उलटं करून पाहिलं. पोटावर विंडोजचं स्टिकर नव्हतं. ज्यांनी त्या काळचे लॅपटॉप वापरले आहेत त्यांना ते रंगीत स्टिकर आठवत असेल: वर कंपनीचं नाव, खाली पंचवीस अक्षरांची किल्ली. त्याचा अर्थ असा की या यंत्रासाठी ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना घेतलेला आहे. तुम्ही नाही, यंत्र बनवणाऱ्या कंपनीने. तो परवाना त्याच यंत्राचा. यंत्र भंगारात गेलं की परवानाही भंगारात. दुकानातल्या इतर लॅपटॉपवर स्टिकर होतं, या एकावर नव्हतं. आणि पुढच्या वर्षभरात असे बिनस्टिकरचे नेटबुक बाजारातून जवळपास दिसेनासे झाले.

का, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं छळत राहिला. तीनशे रुपये घेऊन ते नाहीसे करण्यात माझाही हात होता, हेही त्याचं एक कारण. पुढे दुकान बंद केलं, वेळ मिळू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या खटल्यांची कागदपत्रं वाचायला घेतली. धंद्यातले करार सहसा कुलूपबंद असतात. पण कोर्टात भांडण गेलं की ते उघड्यावर येतात. त्या कागदांतून मला जे उलगडलं ते इथे मांडतो आहे.

आधी कुलपाबद्दल. जुन्या डीटीपीवाल्यांना 'लॉक' हा शब्द सांगायला नको. देवनागरी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरबरोबर प्लॅस्टिकचा एक लहानसा ठोकळा मिळायचा. तो कम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, मग त्यात प्रिंटरची वायर खुपसायची. ठोकळा नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही. दिवाळी अंकाच्या ऐन गर्दीत लॉक बिघडलं की आमची धाबी दणाणत. तरी त्या कुलपाचा एक गुण होता: ते दिसत होतं. ते कुणी लावलं, कशासाठी लावलं, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याचे पैसे आम्ही स्वतः मोजले होते. मी ज्याबद्दल लिहितो आहे ते कुलूप ना यंत्रात होतं, ना सॉफ्टवेअरमध्ये. ते दोन कंपन्यांमधल्या कागदावर होतं आणि गिऱ्हाईक त्या कागदात कुठेच नव्हतं.

त्याची सुरुवात स्वस्ताईने झाली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्यासाठी एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टीम देऊ केल्या होत्या. गॅरी किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ ही त्यातली नावाजलेली. किल्डॉल यांनी या क्षेत्राची वाट आधी तुडवली होती; छोट्या कम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे सीपी/एम, असंच तोवर समीकरण होतं. दुसरी डॉस, मायक्रोसॉफ्टने दिलेली. मायक्रोसॉफ्टने ती स्वतः लिहिली नव्हती. सिएटलच्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटर्सन यांनी ती लिहिली होती आणि मायक्रोसॉफ्टने ती सगळी मिळून सुमारे पाऊण लाख डॉलरला विकत घेतली. गिऱ्हाइकापुढे दोन डबे आले. सीपी/एम-८६ चा २४० डॉलरचा, डॉसचा ४० डॉलरचा. माणसं कुठला डबा उचलणार?

इथवर काही वावगं नाही. स्वस्त माल खपतो. पण मायक्रोसॉफ्टने आयबीएमबरोबरच्या करारात एक गोष्ट राखून ठेवली होती: डॉस इतरांनाही विकण्याचा हक्क. आयबीएमची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं कॉम्पॅकने आणि मग इतरांनी काढली, तेव्हा त्या प्रत्येकाला डॉस हवीच होती. या एका हक्कामुळे पीसी स्वस्त झाला, तैवानचे बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आले आणि माझ्यासारख्याचं दुकान उभं राहिलं, हे मी विसरत नाही. ज्या कुलपाबद्दल मी तक्रार करतो आहे त्याच कारखान्याने आधी एक मोठं दार उघडलं होतं.

पुढे डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस काढली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसवर चालणारे प्रोग्रॅम तिच्यावरही चालायचे. १९९० मध्ये आलेली तिची पाचवी आवृत्ती मेमरी वाचवण्यात मायक्रोसॉफ्टच्या त्या वेळच्या डॉसपेक्षा सरस होती. मग यंत्र बनवणाऱ्यांनी ती का घेतली नाही? उत्तर 'प्रति-प्रोसेसर परवाना' या कलमात आहे. समजा, एक कारखाना महिन्याला हजार यंत्रं बनवतो. या परवान्यानुसार तो मायक्रोसॉफ्टला हजार यंत्रांचे पैसे देतो, मग त्यातल्या नऊशे यंत्रांवर डॉस घातलेली असो वा हजारावर. मोजायचा तो विकलेला प्रोसेसर. त्यावर काय घातलं हे बघायचंच नाही. सुट्या प्रतींचा करारही करता यायचा, पण तो महाग पडे. आता कारखानदाराने शंभर यंत्रांवर डीआर-डॉस घातली तर त्या शंभरांचे पैसे दोनदा जाणार. डीआर-डॉस निम्म्या किमतीत दिली तरी ती वरखर्चच ठरणार. शेजारच्या मेसचे महिन्याचे पैसे पगारातूनच कापले जात असतील तर हॉटेलातली स्वस्त थाळीसुद्धा महागच, तसा हा हिशेब.

अमेरिकी सरकारने कोर्टात मांडलेल्या तक्रारीत यंत्र-उत्पादकांना विकल्या जाणाऱ्या डॉसचे आकडे आहेत. १९८९ साली त्यातला सुमारे २० टक्के माल अशा परवान्याखाली जाई. १९९३ साली तो सुमारे ६० टक्के झाला. डीआर-डॉस याच काळात बाजारात जम बसवू पाहत होती, हे लक्षात घेतलं की आकडे बोलू लागतात.

याच काळातली दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ ची चाचणी-आवृत्ती वाटली गेली. तिच्या पोटात एक छोटा, मुद्दाम गुंतागुंतीचा करून लपवलेला कोड होता. खाली चालणारी डॉस मायक्रोसॉफ्टचीच आहे का, हे तो तपासायचा आणि नसेल तर पडद्यावर गोंधळात टाकणारी एक चूक दाखवायचा. ती चूक खरी नसायचीच; पुढे जाता यायचं. पण पाहणाऱ्याच्या मनात डीआर-डॉसबद्दल शंका पेरली जायची. विक्रीच्या अंतिम आवृत्तीत हा कोड निष्क्रिय केलेला होता, पण काढून टाकलेला नव्हता. डीआर-डॉस पुढे नॉव्हेलकडे गेली, तिथून काल्डेराकडे. काल्डेराने १९९६ मध्ये खटला भरला, २००० च्या जानेवारीत तो मिटला. रक्कम गुप्त होती. २००९ मध्ये ती बाहेर आली, २८ कोटी डॉलर. तोवर डीआर-डॉस वापरणारं माणूस शोधावं लागत होतं.

प्रति-प्रोसेसर परवान्याचं काय झालं? अमेरिकेच्या न्याय खात्याने जुलै १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टशी समझोता केला आणि ते कलम बंद करवलं. न्यायाधीश स्टॅन्ली स्पॉर्किन यांना हा समझोता फारच मवाळ वाटला. त्यांनी तो फेटाळला. वरच्या कोर्टाने त्यांचा निकाल फिरवला आणि प्रकरणही त्यांच्याकडून काढून घेतलं. ऑगस्ट १९९५ मध्ये समझोत्यावर शिक्का बसला. त्याच महिन्यात विंडोज ९५ बाजारात आली आणि वेगळी डॉस विकत घ्यायचा प्रश्नच संपला. घोडा पळाल्यावर तबेल्याला कडी घातली गेली, ती अशी.

कलम गेलं तरी घडी बसलेली होती. कशी, ते खुद्द आयबीएमच्या उदाहरणावरून दिसतं. आयबीएमची स्वतःची ओएस/२ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि ती लावायला स्वतःचे कारखाने होते. असा माणूस तरी मोकळा असायला हवा. पण गिऱ्हाईक विंडोज मागत होतं, म्हणून आयबीएमलाही विंडोज ९५ चा परवाना हवा होता. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदवलेल्या निष्कर्षांत हा प्रसंग आहे: आयबीएम ओएस/२ आणि आपलं कार्यालयीन सॉफ्टवेअर पुढे रेटत होती, मायक्रोसॉफ्टने बोलणी अडवून धरली आणि परवान्यावर सही झाली ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५ च्या प्रकाशन-सोहळ्याला पंधरा मिनिटं उरली असताना. शाळा-कॉलेजं सुरू होण्याच्या मोसमातली आयबीएमची बरीचशी विक्री हातची गेली. पीसीला जन्म देणारी कंपनी दारात ताटकळत उभी होती. मी हे पान दोनदा वाचलं.

बीओएसची हकिगत मात्र माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी, कारण तिथे किंमतच शून्य होती. ॲपलमधून बाहेर पडलेल्या जॉं-लुई गॅसे यांनी ही वेगवान, देखणी ऑपरेटिंग सिस्टीम काढली. यंत्र बनवणाऱ्यांना ते म्हणाले, विंडोज राहू द्या, तिच्या शेजारी आमची घाला, एक पैसा देऊ नका. एकाच यंत्रावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायच्या तर सुरू होताना 'कुठली हवी?' असं विचारणारा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला बूटलोडर म्हणतात. जपानच्या हिताचीने आपल्या काही यंत्रांत बीओएस खरोखर घातली. पण यंत्र सुरू केलं की थेट विंडोज उघडायची. बीओएस डिस्कवर झोपलेली. तिला उठवायचं तर गिऱ्हाइकाने सूचना वाचून खटपट करायची. कंपनीचं म्हणणं असं की, यंत्र सुरू होताना काय दिसावं हे विंडोजच्या परवान्यात बांधून टाकलेलं होतं आणि तो परवाना गोपनीय असल्याने कारखानदार त्याविषयी तोंडही उघडू शकत नव्हते. २००१ मध्ये तिची मालमत्ता पामला विकली गेली. २००२ मध्ये तिने खटला भरला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला.

फुकट मालही दुकानात ठेवता येत नाही, तर मग अडचण किमतीची नाही, हे इथे कळतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात विंडोजची खरी स्पर्धा लिनक्सशी नव्हती, माझ्या ड्रॉवरमधल्या सीडीशी होती. बिल गेट्स १९९८ मध्ये चीनविषयी बोलताना म्हणाले होते की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. सवय लागेल, वसुलीचं पुढे बघू. सांगलीतही त्या सवयीची पेरणी माझ्यासारखेच करत होते, तेही विनावेतन. २००५ च्या सुमारास इथे दहा हजारांच्या आतले कम्प्युटर आले. एचसीएलने ९,९९० रुपयांचा काढला, तो लिनक्सवर चालणारा होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने भारतासाठी हिंदीत 'विंडोज एक्सपी स्टार्टर' आणली. ही स्वस्त आवृत्ती दुकानात सुटी मिळायची नाही, फक्त नव्या यंत्राबरोबर. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे. पडदा ८०० बाय ६०० च्या वर जायचा नाही. २५६ एमबीपेक्षा जास्त मेमरी ती ओळखायची नाही आणि ठरावीक हलक्या प्रोसेसरखेरीज दुसऱ्यावर चालायची नाही. चौथा प्रोग्रॅम उघडायला त्या यंत्राची ना नव्हती. ना होती ती परवान्याची. स्वस्त आवृत्ती चांगल्या यंत्रावर चढू नये आणि महाग आवृत्तीचा बाजार बिघडू नये, म्हणून ही हद्द आखलेली होती. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाची बाकं मुद्दाम लाकडी ठेवली तर वरच्या वर्गाची तिकिटं खपत राहतात, हा फार जुना हिशेब आहे.

दोन वर्षांनी नेटबुक आलं. त्यामागे निकोलस नेग्रोपाँटी यांची 'दर मुलाला एक लॅपटॉप' ही शंभर डॉलरच्या यंत्राची कल्पना होती. ती त्या किमतीत कधी साधली नाही, पण कारखानदारांच्या डोक्यात किडा सोडून गेली. मायक्रोसॉफ्टलाही हा वारा लागला होता. २००७ च्या एप्रिलमध्ये तिने सरकारांसाठी विद्यार्थ्यांचा संच जाहीर केला: एक्सपी स्टार्टर आणि ऑफिस मिळून तीन डॉलर. त्याच वर्षी ऑक्टोबरात तैवानच्या आसूसने ईई पीसी विकायला काढला. सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी, हार्ड डिस्कच्या जागी ४ जीबीची चिप आणि झँड्रॉस लिनक्स. त्या वर्षी विंडोजची नवी आवृत्ती होती व्हिस्टा. ती इतक्या लहान यंत्रात मावणं शक्यच नव्हतं. पाठोपाठ एसर, डेल, एचपी यांनीही लिनक्सची छोटी यंत्रं काढली. पीसीच्या इतिहासात प्रथमच मोठ्या कंपन्यांचे लिनक्स लॅपटॉप सामान्य दुकानांच्या काचेत दिसू लागले.

मायक्रोसॉफ्टने काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. एक्सपी निवृत्त व्हायची होती. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने तिला मुदतवाढ दिली, पण फक्त 'अतिस्वस्त' यंत्रांसाठी. दरही उतरवला, त्या वेळच्या बातम्यांनुसार विकसनशील देशांत सुमारे २६ डॉलर आणि इतरत्र ३२. पण हा दर हवा तर यंत्र कसं असावं याच्या अटी होत्या: पडदा १०.२ इंचांच्या आत, मेमरी १ जीबीपर्यंत, प्रोसेसर एकाच गाभ्याचा, डिस्कचा आकार ठरलेला. यातल्या काही मर्यादा पुढे सैल झाल्या, पण पद्धत तीच राहिली.

ही यादी वाचली तेव्हा दुकानातलं एक जुनं कोडं सुटलं. २००९-१० मध्ये माझ्याकडे पाच-सहा कंपन्यांची नेटबुकं दुरुस्तीला यायची. झाकणावरची नावं वेगळी, आत सगळी सख्खी भावंडं. सगळ्यांना एकच जीबी मेमरी, सगळ्यांचा पडदा दहा इंची. कारखान्यांना दोन जीबी घालणं अवघड होतं का? मुळीच नव्हतं, मेमरी तेव्हा स्वस्त झाली होती आणि आम्हीच दुकानात ती बदलून देत होतो. पण कारखान्यातून दोन जीबी घालून पाठवलं की विंडोजचा स्वस्त दर गेला. एका कंपनीच्या दरपत्रकाने इतर सगळ्यांच्या पडद्याचे इंच ठरवले होते. प्रति-प्रोसेसर परवान्याने यंत्रावर काय घालायचं ते ठरवलं. या दरपत्रकाने यंत्र केवढं असायचं तेही ठरवलं. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सर्वांत निमूट आणि सर्वांत हुशार डाव हाच.

परिणाम झपाट्याने झाला. एप्रिल २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एनपीडी या बाजार-पाहणी संस्थेचे आकडे मिरवले: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नेटबुकांपैकी विंडोजवाली २००८ च्या पूर्वार्धात १० टक्क्यांहून कमी होती, ती फेब्रुवारी २००९ मध्ये ९६ टक्के झाली. ज्या आसूसने लिनक्सची वाट पाडली त्याच आसूसच्या नावाने 'विंडोजवर हे अधिक चांगलं चालतं' अशी जाहिरात झळकली. विंडोज ७ आली तेव्हा नेटबुकसाठी तिचीही स्टार्टर आवृत्ती निघाली. तीन प्रोग्रॅमची अट तिच्यातही घालायचा बेत होता. ओरड झाल्यावर मे २००९ मध्ये तो सोडून दिला. पण डेस्कटॉपचं चित्र बदलायची मुभा दिली नाही ती नाहीच. किती गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "देवाचा फोटो लावायचाय, लागत नाही." मला आधी वाटायचं व्हायरस आहे.

लिनक्सची बाजू अगदी निर्दोष होती असं म्हणणं खोटं ठरेल. एमएसआय या कंपनीच्या अधिकाऱ्यानेच २००८ मध्ये सांगितलं होतं की लिनक्सची नेटबुकं परत येण्याचं प्रमाण विंडोजवाल्यांच्या चौपट आहे. दर कंपनीचं लिनक्स वेगळं, वायफायचं गाडं अडलेलं, अपडेट केलं की ४ जीबीची जागा संपलेली. माझ्या दुकानात आलेल्या काकांना क्लासच्या सरांचा निरोप आणखी वेगळ्याच जागेहून आला होता. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला, सरकारी नोकरीला त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं. त्या अभ्यासक्रमाने लाखो लोकांचं माउसचं भय घालवलं, हे खरंच. पण शिकवलं ते विंडोज आणि ऑफिस. मीही संध्याकाळच्या बॅचला तेच शिकवत होतो. "स्टार्ट बटण कुठे असतं? डाव्या कोपऱ्यात." एकदा बोटांना तो डावा कोपरा कळला की परवान्याचं कलम कागदावर असलं काय नि नसलं काय.

उलट चाल अशक्य नव्हती, हे केरळने दाखवलं. तिथल्या शाळांच्या 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं, त्यावर शिक्षक तयार केले, पुस्तकं आणि परीक्षाही त्यावरच बेतल्या. पुण्याहून आणलेल्या त्या नेटबुकवर आमच्या काकांची मुलगी केरळातल्या शाळेत बसली असती तर मला तीनशे रुपये मिळाले नसते. तिथल्या मुलांची बोटं काही निराळी नव्हती. फरक इतकाच की, करार करताना आणि परीक्षा ठरवताना खरेदी करणारा स्वतः टेबलाशी हजर होता.

एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला ते जमत नाही. तसं विंडोजच्या परवान्यात एक वाक्य असायचं: अटी मान्य नसतील तर यंत्र बनवणाऱ्याकडे जाऊन पैसे परत मिळण्याविषयी विचारा. ऑस्ट्रेलियातल्या एका लिनक्सवाल्याने हे वाक्य शब्दशः घेतलं आणि लॅपटॉप कंपनीकडून ११० ऑस्ट्रेलियन डॉलर परत मिळवले. त्या हुरूपाने १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात काही लोक न वापरलेली विंडोज घेऊन मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले. तिथे त्यांना उत्पादकाकडे जायला सांगण्यात आलं. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा परताव्याच्या बाजूने कौल दिला. युरोपीय न्यायालयाने मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये सोनीच्या एका फ्रेंच गिऱ्हाइकाच्या खटल्यात ठरवलं की आधीच सॉफ्टवेअर घातलेलं यंत्र विकणं हे केवळ तेवढ्यावरून अन्याय्य ठरत नाही आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी सांगायलाच हवी असंही नाही. आपल्याकडे लोकांनी वेगळीच वाट काढली होती: 'डॉसवाला' लॅपटॉप. फ्रीडॉस नावाची फुकट डॉस घातलेलं यंत्र दोन-चार हजारांनी स्वस्त घ्यायचं आणि पुढचं काम आमच्या ड्रॉवरकडे सोपवायचं. फ्रीडॉस लिहिणाऱ्या जिम हॉल यांना भारतातल्या या सेवेची कल्पना होती की नाही, देव जाणे.

२०१४ मध्ये वर्तुळ पूर्ण झालं. अँड्रॉइडच्या भीतीने मायक्रोसॉफ्टने नऊ इंचांहून लहान यंत्रांसाठी विंडोज फुकट केली. स्वस्त लॅपटॉपसाठी वेगळी आवृत्ती निघाली. ती जवळजवळ फुकटच, अट एवढीच की कारखानदाराने शोधयंत्र म्हणून बिंगच लावून द्यायचं. १९८१ मध्ये चाळीस डॉलरला विकलेली वस्तू आता शून्याला आली आणि तरीही ती देणाऱ्याला परवडत होती.

दरम्यान स्टिकरही गेलं. विंडोज ८ पासून किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहून येऊ लागली. पोटावर उरला तो नुसता बिनआकड्यांचा शिक्का. त्याच सुमारास सिक्युअर बूट आलं: सुरू होताना यंत्र फक्त सही असलेलीच ऑपरेटिंग सिस्टीम उघडतं. हेतू वाईट नव्हता. सुरू होण्याआधीच घुसणाऱ्या व्हायरसना त्याने अडसर बसतो. नेहमीच्या पीसीवर ते बंद करायची सोय असलीच पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टच्या २०१२ च्या प्रमाणपत्रात होती. एआरएम प्रोसेसरच्या विंडोज यंत्रांवर मात्र ते बंद करता येता कामा नये, अशी अट होती. विंडोज १० च्या वेळी पीसीवरचीही सोय ठेवायची की नाही, हे कारखानदारावर सोडलं गेलं. आज बहुतेक प्रमुख लिनक्स या यंत्रांवर सुरू होतात, ते मायक्रोसॉफ्टने सही केलेला एक छोटा प्रोग्रॅम आधी चालवूनच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली धडधाकट यंत्रं एका तारखेत जुनी झाली. आमच्या गल्लीतल्या शाळेने असे अकरा लॅपटॉप भंगारात काढायला ठेवले होते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "काही होतंय का बघा, नाहीतर वजनावर देऊन टाकू." मी पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन गेलो. नऊ यंत्रं सरळ लागली. दहाव्याचं सिक्युअर बूट बंद करायला पाऊण तास गेला, कारण सेटिंगला कुणीतरी पासवर्ड घालून ठेवला होता. अकरावं सगळ्यात जुनं, बॅटरी काढल्यावर आत विंडोज ७ चं स्टिकर निघालं, पंचवीसपैकी दहा-बारा अक्षरं अजून वाचता येत होती. ते यंत्रही लागलं. बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. पण सर, मुलांना पुढे परीक्षेत हेच येणार आहे का?"